बाजाराची पावती फाडता, मग स्वच्छतागृह कुठाय?

चौकात ‘आय लव्ह’वाला सेल्फी पॉइंट झाला, लायटिंग झालं, उद्घाटनाचे फ्लेक्स अजून उतरलेले नाहीत. पोरं फोटो काढतात, काढू देत. पण तिथून शंभर पावलांवर आपला आठवडी बाजार भरतो, त्याबद्दल बोलायचंय.

आसपासच्या खेड्यांतून भाजी घेऊन बाया सकाळी सातला येतात, दिवेलागणीला परत जातात. एवढ्या वेळात त्या पाणी पीत नाहीत. तहान लागत नाही म्हणून नव्हे, जायला जागा नाही म्हणून. पुरुषांचं काय, भिंत दिसली की भागलं. ऐन उन्हाळ्यात दिवसभर लघवी दाबून ठेवली की काय होतं, ते गावातल्या कुठल्याही डॉक्टरला विचारा. ठेकेदाराचा माणूस मात्र प्रत्येक पाटीसमोर न चुकता उभा राहतो, पावती फाडतो. हे पैसे नेमके कशाचे?

‘स्वच्छतागृह आहे की’ असं उत्तर येईल. आहे ना! दाराला कुलूप, टाकी कोरडी, किल्ली कुणाकडे ते कुणालाच ठाऊक नाही. २०१७ मध्ये शहरी महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला, तेव्हा असली बांधकामंसुद्धा हिशेबात धरली असणार.

निधी नाही हे कारण तर देऊच नका. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यातलं कलम ४९ काढून वाचा. मुताऱ्या आणि शौचालयं बांधणं, नीट ठेवणं हे नगरपालिकेचं बंधनकारक काम आहे. बागा, वाचनालयं ऐच्छिक कामांत येतात (तीही हवीतच, तो वेगळा विषय). म्हणजे आधी काय करायचं हे कायद्यानेच ठरवून दिलंय.

नवीन इमारत कुणी मागत नाहीये. आहे तिला नळजोडणी द्या, आतून कडी आणि दिवा द्या, बाजाराच्या दिवशी एखाद्या बचत गटाकडे देखभाल सोपवा आणि त्यांचा मेहनताना बाजाराच्या वसुलीतूनच द्या. बायांकडून वर पाच-दहा रुपये घेऊ नका, पावतीत ते आलेच.

सभागृहात २०११ पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. आपल्या नगरसेविकांनी येत्या बाजाराच्या दिवशी दुपारी एक चक्कर मारावी, सोबत मुख्याधिकाऱ्यांनाही न्यावं. आणि तुमच्या वॉर्डात महिलांसाठी उघडं, पाणी असलेलं एखादं स्वच्छतागृह असेल तर कमेंटमध्ये जागा लिहा. घरातल्या बायकांना विचारून लिहा, अंदाजाने नको.