सहा पानं आणि पंधरा हजार रुपये

अब्बांनी बीपीची गोळी बंद केली, हे आम्हाला तीन आठवड्यांनी कळलं. तेही पलूसच्या बाजारातून येताना त्यांना चक्कर आली आणि डॉक्टरांनी पट्टा बांधून वरचा आकडा 190 सांगितला तेव्हा. गोळी का सोडली विचारलं, तर त्यांनी मोबाइल पुढे केला. व्हॉट्सअॅपवर मेसेज होता : अमुक काढा घ्या, गोळ्या सोडा, 'आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये सिद्ध'. खाली लिंक. "छापून आलंय रे," अब्बा म्हणाले. "तू इंजिनियर ना? वाचून बघ."

वाचून बघितलं. काढा किती जणांना दिला, किती दिवस दिला, त्यांचं बीपी आधी किती होतं आणि नंतर किती झालं, यातलं काहीच त्या पेपरात नव्हतं. शेवटी संदर्भांची यादी मात्र लांबलचक. जर्नलच्या साइटवर सगळ्यात ठळक काय, तर फी भरायचं बटण.

गोळी पुन्हा सुरू झाली, अब्बा सावरले, आणि मीही हे विसरलो असतो. पण बाशी ईदला खालाची मुलगी घरी आली. ती एम. फार्म. करते. रक्तदाब कमी करणाऱ्या वनस्पती हा तिचा विषय. शीरखुर्म्याची वाटी बाजूला ठेवून हळूच म्हणाली, "भाईजान, मेरे कू पंधरा हजार होना था." कशाला? पेपर छापायला. सात दिवसांत छापून येतो, सर्टिफिकेट फुकट. तिनं लिंक दाखवली. अब्बांच्या मेसेजमधली साइट ही नव्हती, पण बटण तसंच होतं.

मी नाही म्हणालो. तिला राग आला, आणि तो खोटा नव्हता. "तुम्हाला नोकरी आहे. माझ्या फॉर्मवर रकाना आहे : किती पेपर? तिथं शून्य लिहू?" यूजीसीनं 2022 साली पीएचडीच्या प्रबंधाआधी पेपर छापायची सक्ती काढली, हे मी सांगितलं. ती हसली. सक्ती गेली, रकाना राहिला.

या आकड्यांचं मूळ थोडं सांगतो. एखाद्या संशोधकाचा पेपर दुसऱ्यानं आपल्या पेपरात संदर्भ म्हणून दिला की झालं एक सायटेशन. अमेरिकेत युजीन गारफिल्ड यांनी 1964 साली या संदर्भांची सूची बाजारात आणली, ती मुख्यतः कुठला पेपर पुढे कुठे पोचला हे शोधता यावं म्हणून. गुगलच्या दोन संस्थापकांनी पानांची क्रमवारी लावायची युक्ती यातूनच घेतली, म्हणून आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा विषय जवळचा. 2005 साली जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं एच-इंडेक्स काढला : ज्याचे 20 पेपर प्रत्येकी किमान 20 वेळा उल्लेखले गेले, त्याचा एच-इंडेक्स 20. माणसाची सगळी कारकीर्द एका आकड्यात. अशा आकड्याचं काय होतं ते मी स्वतः पाहिलंय. एका जुन्या कंपनीत आमचं काम बंद केलेल्या तिकिटांवर मोजायला लागले. महिन्याभरात आम्ही एका तिकिटाची चार करायला शिकलो. सॉफ्टवेअर होतं तिथंच राहिलं.

आता तिच्याच विषयातला, आपल्या मुंबईतला एक पेपर. रुस्तम जाल वकील, पारशी डॉक्टर, केईएममधले हृदयरोगतज्ज्ञ. 1949 साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्यांचा लेख आला : वाढलेल्या रक्तदाबावर सर्पगंधेचा प्रयोग. पन्नास रुग्ण. पानं सहा. औषध काय दिलं, दाब किती उतरला, त्रास काय झाला, हे सगळं समोर मांडलेलं. हा पेपर आज नेटवर फुकट वाचता येतो.

तो लंडनच्या जर्नलमध्ये होता म्हणून बोस्टनमधल्या रॉबर्ट विल्किन्स यांच्या नजरेला पडला. त्यांनी आपल्या रुग्णांवर सर्पगंधा तपासून पाहिली आणि तिचा गुण अमेरिकेला पटला. 1952 साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या संशोधकांनी त्या मुळीतून रिसर्पिन वेगळं काढलं. 1957 साली वकिलांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे रिसर्पिननं काही रुग्णांना नैराश्य येतं हे दिसलं आणि चांगली औषधं आल्यावर ते मागे पडलं. (म्हणून घरी मुळी उगाळायला जाऊ नका, नाहीतर माझ्या अब्बांसारखं व्हायचं.) पण औषध मागे पडलं ते मोजून, तपासून. पेपरात आकडे होते म्हणूनच ते पुढच्याला तपासता आले.

याच मुळीची दुसरी गोष्ट मला जास्त लागते. वकिलांच्या अठरा वर्षं आधी, 1931 साली, कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहून ठेवलं होतं की ही मुळी रक्तदाब उतरवते आणि वेडावरही चालते. लोक तिला 'पागल की दवा' म्हणतच होते. पण लेख इथल्या एका वैद्यकीय मासिकात आला आणि बाहेर कुणी तो फारसा वाचला नाही. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी सर्पगंधेतून अल्कलॉइड वेगळी काढली. सलीमुज्जमान जर्मनीत पीएचडी करून आलेले. त्यांना या मुळीकडे वळवलं हकीम अजमल खान यांनी. हकीमसाहेब तोवर हयात नव्हते, म्हणून एका अल्कलॉइडला त्यांचं नाव दिलं : अजमलीन. ते पुढे हृदयाचे बिघडलेले ठोके ताळ्यावर आणायला वापरलं गेलं. ब्रुगाडा सिंड्रोम, म्हणजे धडधाकट दिसणाऱ्या माणसाचा जीव अचानक घेऊ शकणारा हृदयाचा दोष, शोधून काढायला युरोपातली हॉस्पिटलं आजही अजमलीन टोचून ईसीजी काढतात. तिथल्या किती डॉक्टरांना ठाऊक असेल की हे दिल्लीतल्या एका हकिमाचं नाव आहे? आणि आपल्यातल्या किती जणांना?

माझ्या मते सायटेशनचा आकडा सांगतो की तुमचं बोलणं किती दूर ऐकू गेलं. दूर जाणं हे जर्नलवर, भाषेवर, गावावर अवलंबून. खरंखोटं त्यातून कळत नाही. कधी दोन्ही एकत्र येतं. केरळच्या कोट्टारक्कराचा सलीम यूसुफ हा मुलगा बंगळूरला डॉक्टर झाला, शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेला, कॅनडात स्थिरावला. आज हृदयरोगात जगात सर्वाधिक उल्लेखल्या जाणाऱ्यांत तो मोजला जातो. त्याच्या गटाचा 2004 चा इंटरहार्ट अभ्यास 52 देशांतल्या सुमारे 30 हजार लोकांवर झाला. पहिल्या हार्ट अटॅकचा नव्वद टक्क्यांहून जास्त धोका नऊ गोष्टींत सापडला : तंबाखू, चरबी, बीपी, साखर, पोटाचा घेर, ताण, फळंभाज्या, व्यायाम आणि दारू. यातल्या बहुतेक आपल्या हातातल्या. हे सायटेशन कमावलेलं आहे.

आणि कधी आकडा फसवतोही. अमेरिकेतले पिएरो अनव्हेर्सा. त्यांच्या गटानं 2001 साली 'नेचर'मध्ये दावा केला की अस्थिमज्जेतल्या पेशींनी उंदराचा मेलेला हृदयस्नायू पुन्हा उभा राहतो. त्या पेपराला हजारो सायटेशन मिळाली. 2004 मध्ये त्याच 'नेचर'मध्ये दोन गटांनी लिहिलं की आम्हाला तसं काही दिसलं नाही. तरी गाडी चालूच राहिली. 2018 साली हार्वर्डनं आणि त्यांच्या हॉस्पिटलनं त्यांच्या प्रयोगशाळेचे 31 पेपर मागे घ्यायला सांगितलं, कारण त्यांत बनावट किंवा फिरवाफिरव केलेली माहिती होती. तेव्हा हृदय कमजोर झालेल्या रुग्णांवर या कल्पनेवरची एक सरकारी चाचणी चालू होती. ती थांबवावी लागली. त्या रुग्णांच्या घरीही कुणीतरी म्हणालं असेल, "छापून आलंय".

हे मोठ्यांचं झालं. आपल्या गल्लीतली दुकानं वेगळी. पुण्याच्या विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यूजीसीच्या यादीत विद्यापीठांनी सुचवलेली 1009 जर्नल्स तपासून 2018 साली 'करंट सायन्स'मध्ये निकाल छापला. निकषांना उतरली 112. त्याच वर्षी यूजीसीनं चार हजारांवर जर्नल्स यादीतून काढली. आमच्या बहिणीला आलेली लिंक त्यानंतरची. दुकानं पाटी बदलून पुन्हा उघडतात.

यात गुन्हा मुलांचाच, असं मी म्हणणार नाही. पेपर मोजणारा मोजतो, वाचत नाही. ओळखीचा प्राध्यापक नाही, घरात कुणी संशोधन केलेलं नाही, अशा आपल्या मुलामुलींना ही लिंक हीच वाट वाटते. पण तिचा विषय रक्तदाब आहे. तिचा न तपासलेला पेपर उद्या कुणाच्या तरी अब्बांच्या मोबाइलवर येईल, आणि तेव्हा तिथं तिचं नाव असेल. एवढं मी तिला सांगितलं. जरा जास्तच सांगितलं बहुतेक, कारण ती शीरखुर्मा तसाच टाकून उठली.

आठ दिवसांनी तिचा फोन आला. वकिलांची सहा पानं तिनं वाचली होती. तिचा प्रश्न होता, माझ्याकडे पन्नास रुग्ण कुठून येणार? मी म्हणालो, गाइडना विचार. गाइड म्हणाले, आधी प्रयोगशाळेतलं काम पुरं कर, पेपरचं पुढच्या वर्षी बघू. म्हणजे यंदाच्या फॉर्मवर शून्यच जाणार. त्याबद्दल ती अजून माझ्यावर नाराज आहे, आणि पुढच्या वर्षी प्रवेश हुकला तर मी काय उत्तर देणार, हे मला माहीत नाही.

पंधरा हजारांतले अडीच हजार बीपीचं मशीन घ्यायला गेले. ती रविवारी येते तेव्हा अब्बांची वही तपासते : सकाळ, संध्याकाळ, दोन्ही आकडे, तारखेसह. एखादा दिवस कोरा असला की बोलणी खातात. काल सकाळी वरचा 142 होता. शेजारी तिनं पेन्सिलीनं लिहिलंय : गोळी घेतली, झोप कमी, रात्री लाइट गेली होती.