घरचा आवाज आणि थोडका पैसा

घरच्या घरी गाण्याचे मुद्रण करावयाचे तर कोणता माइक घ्यावा, संगणकावर कोणते सॉफ्टवेअर वापरावे आणि हे सर्व किती रुपयांत बसेल, अशी विचारणा करणारी पत्रे अलीकडे आमच्याकडे पुष्कळ येतात. प्रश्न रास्त आहे. परंतु बहुतेक पत्रांत एक गोष्ट सांगावयाची राहून गेलेली असते. मुद्रण कोणाचे करावयाचे, हे पत्रलेखक लिहीतच नाहीत. मुलाच्या भावगीतांचे, सुनेच्या सतारीचे, की आजेसासूबाईंना अद्याप मुखोद्गत असलेल्या मंगळागौरीच्या गाण्यांचे? या तिहींस लागणारे सामान एक नव्हे. आणि तिसऱ्या कामास तर फार दिवस थांबूनही चालावयाचे नाही.

सामानाची निवड कोणत्या क्रमाने करावी, याचा उत्तम वस्तुपाठ आपल्या पुणे जिल्ह्यातच उभा आहे. नारायणगावच्या पूर्वेस खोडद नावाचे गाव आहे. तेथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उभारलेली प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतील १४ मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटरात, व उरलेल्या १६ तीन फाट्यांवर दूरवर पसरलेल्या. एवढ्या मोठ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या, तर त्यांचे वजन आणि त्यांवर येणारा वाऱ्याचा दाब पेलण्यातच सारा पैसा संपला असता. या योजनेचे प्रणेते प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांनी पोलादी दोरांच्या ताणलेल्या सांगाड्यावर बारीक तारेची जाळी बसविली. जाळीची भोके मध्याकडे १० मिलिमीटरांची, कडेकडे २० मिलिमीटरांची. या जाळीने ज्या लहरी पकडावयाच्या, त्यांतील आखूडातली आखूड लहर सुमारे २१ सेंटिमीटरांची. तिच्या लेखी एवढेसे भोक नसल्यासारखेच. वारा जाळीतून निघून जातो, लहर परावर्तित होते. काय पकडावयाचे हे आधी निश्चित केले आणि त्यास पुरेल तेवढाच पृष्ठभाग केला, म्हणून हे काम आपल्या देशाच्या ऐपतीत झाले.

जागेचीही गोष्ट तशीच. ही जागा पसंत करण्याचे एक मोठे कारण असे की, त्या परिसरात माणसाने निर्माण केलेला रेडिओ-गोंगाट कमी होता. ताऱ्यांकडून येणारा संदेश इतका क्षीण असतो की, भोवती गोंगाट असल्यास केवढीही मोठी तबकडी निरुपयोगी ठरते. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाच्या सुमारास तेथे प्रदर्शन भरते, ते घरातील मुलांस जरूर दाखवावे. रेडिओलहरी निराळ्या आणि ध्वनिलहरी निराळ्या, हे खरेच. पण खर्चाचे तारतम्य दोन्हीकडे एकच लागू पडते.

गेल्या हिवाळ्यात त्याच गावी एका स्नेह्यांच्या वाड्यात दोन दिवस राहण्याचा योग आला. घरात तीन पिढ्या. धाकट्या चिरंजीवांनी गाण्यासाठी म्हणून एक महागडा स्टुडिओ-माइक पुण्याहून आणविलेला होता, आणि त्यात फ्रीजची घरघर, मागच्या गल्लीतली मोटारसायकल आणि द्राक्षबागेतल्या फवारणीच्या ट्रॅक्टरचा आवाज असे सर्व काही अत्यंत स्पष्ट उमटत होते. यात माइकचा दोष नाही. संवेदनशील कंडेन्सर माइकचे कामच ते. त्याच घरात ऐंशी उलटलेल्या आत्याबाई आहेत. भूपाळ्या, डोहाळे, पाळणे, झिम्मा-फुगडीची गाणी, असा त्यांचा संग्रह. त्यांच्या पाठांतराचे कौतुक घरात सर्वांस आहे. पण माइक आणताना त्यांचे नाव कोणाच्याही मनात आले नव्हते. एकत्र कुटुंबात हे नेहमीचेच आहे. मुलाचे गाणे ही ‘कला’, आणि आत्याबाईंचे गाणे म्हणजे काम करता करता कानांवर पडणारा आवाज.

हा भेद किती महाग पडतो, याचे एक उदाहरण सर्वांस ठाऊक असावे. गायनाचार्य भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. भारतात ध्वनिमुद्रिका निघू लागून तोवर वीस वर्षे झाली होती. १९०२ मध्ये कलकत्त्यास गौहर जानचे मुद्रण झाले होते. तरीही बुवांच्या गायनाची एकही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही. बालगंधर्व, मास्तर कृष्णराव या त्यांच्या शिष्यांचे गाणे ऐकून गुरूच्या गाण्याची कल्पना करावी लागते. जात्यावरच्या ओव्यांचेही असेच. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातील खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या लिहवून घेतल्या. तो अमोल संग्रह २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर क्रमाने प्रसिद्ध होत आला आहे. परंतु त्यांपैकी गाणारणीच्या आवाजात मुद्रित झालेल्या ओव्यांची संख्या एकंदरीच्या मानाने अल्प आहे. बाकीच्यांचे शब्द उरले, चाल गेली. आपल्या घरोघरी आजीच्या हस्ताक्षरातील गाण्यांच्या वह्या असतात, त्यांचीही अवस्था याहून निराळी नाही.

तेव्हा पहिला खर्च शांततेवर करावा, आणि तो बहुतेक फुकटच होतो. ओटीपेक्षा माजघर बरे. माजघरापेक्षा जिथे गाद्या, गोधड्या आणि कपड्यांची कपाटे आहेत ती खोली अधिक बरी. उघड्या भिंती व शहाबादी फरशी आवाज परत फेकतात आणि मुद्रणास विहिरीत बोलल्यासारखा पोकळपणा येतो. गाणाऱ्याच्या पाठीमागे दोन जाड रजया दोरीवर टाकल्या की तो बराच कमी होतो. पंखा बंद, फ्रीज तेवढा वेळ बंद (तो पुन्हा सुरू करण्याची आठवण राहावी म्हणून गाडीची किल्ली फ्रीजमध्येच ठेवावी, ही युक्ती त्या घरच्या सूनबाईंची), मोबाइल दुसऱ्या खोलीत. लॅपटॉप चार्जरवर असता कित्येकदा मुद्रणात बारीक गुणगुण येते. ती आल्यास चार्जर काढून बॅटरीवर काम करावे. खेड्यात दुपारी दोन ते चार ही वेळ उत्तम. पहाट शांत वाटते खरी, पण पाखरे आपले ऐकत नाहीत.

दुसरी फुकट गोष्ट म्हणजे अंतर. तोंडापासून माइक दुप्पट दूर नेला की थेट येणारा आवाज सुमारे सहा डेसिबलनी उतरतो, खोलीचा गोंगाट मात्र होता तेवढाच राहतो. एक ते दीड वीत अंतर ठेवावे, आणि माइक तोंडासमोर अगदी सरळ न धरता किंचित बाजूस ठेवावा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांचे फुत्कार त्यावर आदळत नाहीत.

आता सामान. ज्यांस केवळ वडील माणसांचे आवाज जतन करावयाचे आहेत, त्यांनी हातात मावणारा, दोन माइक अंगचेच असलेला रेकॉर्डर घ्यावा. झूम कंपनीचा एच-वन या जातीचा रेकॉर्डर साधारणतः दहा हजार रुपयांच्या आसपास मिळतो. संगणक नको, केबल नको. छोट्या तिपाईवर ठेवला की काम सुरू. तेवढीही सोय नसेल तर घरातला मोबाइल चालेल; वर सांगितलेली शांतता व अंतर सांभाळून मोबाइलवर केलेले मुद्रण, गोंगाटात महागड्या माइकने केलेल्या मुद्रणापेक्षा सरस होते, हे आम्ही खोडदास प्रत्यक्ष ऐकून सांगत आहोत.

गाणे शिकणाऱ्या मुलास थोडे अधिक लागते: एक माइक, माइक संगणकास जोडणारा ऑडिओ इंटरफेस, कान पूर्ण झाकणारा हेडफोन, स्टँड आणि केबल. ही सामग्री वीस-बावीस हजारांत बसते. यात माइक निवडताना घर पाहावे. खोली खरोखर शांत असेल तर ऑडिओ-टेक्निका एटी २०२० सारखा कंडेन्सर माइक घ्यावा. त्यास ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, तो इंटरफेसमध्ये आहे ना, हे आधी विचारावे. खोली रस्त्यावर असेल तर शुअर एसएम ५८ सारखा डायनॅमिक माइक बरा. १९६६ पासून गायक तो वापरीत आले आहेत. जवळून गायिले तरच तो नीट ऐकतो, आणि लांबचे फारसे मनावर घेत नाही. या दोन्ही माइकांची पाठ जवळजवळ बहिरी असते. म्हणून तंबोरा, मग तो लाकडी असो वा विजेचा, माइकच्या पाठीकडे ठेवावा. पेटी असल्यास माइक भात्यापासून दूर हवा. सतारीस कंडेन्सरच हवा; तारांचा झणत्कार डायनॅमिकमध्ये मंदावतो.

सॉफ्टवेअरबद्दल सर्वांत अधिक पत्रे येतात, आणि त्याबद्दलच आम्हांस सर्वांत कमी सांगावयाचे आहे. ऑडॅसिटी ही प्रणाली २००० सालापासून विनामूल्य मिळते व घरगुती कामास ती पुरून उरते. ॲपलचा संगणक असेल तर त्यावर गॅरेजबँड फुकटच मिळते. तबला, पेटी, गळा असे निरनिराळे मुद्रित करून जुळवावयाचे असेल तर रीपर पाहावी. ती साठ दिवस वापरून मग विकत घेता येते. तीही प्रत्येक विद्यार्थ्यास लागतेच असे नाही. चोरून उतरवलेल्या महागड्या प्रणाली घरात आणू नयेत. विषाणूचे भय आहेच, शिवाय मुलांसमोर ते शोभत नाही.

मुद्रण ४८,००० नमुने व २४ बिट, वेव्ह स्वरूपात करावे. एका माइकचे तासाभराचे मुद्रण सुमारे ५२० मेगाबाइट होते. हल्लीच्या काळी ही जागा काहीच नव्हे. एमपी-थ्री नातेवाइकांस पाठविण्यापुरती करावी, मूळ कधीही पुसू नये. आवाजाचा काटा उणे बाराच्या आसपास राहावा. शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज पूर्ववत शिवता येत नाही. आरंभी दहा सेकंद कोणीही न बोलता नुसती खोलीची शांतता मुद्रित करावी. ऑडॅसिटी त्या नमुन्यावरून मागची घरघर ओळखून कमी करते. मात्र हे औषध बेताने द्यावे. मात्रा वाढली की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

आत्याबाईंचे मुद्रण आम्ही तेथे असतानाच झाले. त्यांना माइकसमोर बसविले तेव्हा त्यांना पहिली ओळही आठवेना. शेवटी सूनबाई म्हणाल्या, “आत्याबाई, गाऊ नका, निवडण करताना म्हणता ना, तसं नुसतं म्हणा.” पण निवडणाच्या सुपाचा आवाज होणार. म्हणून त्यांच्यापुढे कापूस ठेवला व त्या वाती वळू लागल्या. त्या कामास काही आवाज नसतो. रेकॉर्डर शेजारच्या पाटावर होता. त्याकडे त्यांनी पुन्हा पाहिले नाही. दोन दुपारींत एकतीस गाणी झाली. तीन गाण्यांचे शेवट त्यांना आठवले नाहीत. ते अर्धेच ठेवले आहेत. मुद्रण करण्यापूर्वी त्यांची अनुमती विचारली होती, आणि एक डोहाळ्याचे गाणे “हे बाहेर कुणाला देऊ नका” असे त्यांनी सांगितले, ते निराळे ठेवले आहे.

प्रत्येक गाण्याच्या आरंभी गाणारणीचे नाव, तिचे माहेर, गाणे कोणाकडून शिकली, आणि तारीख, एवढे तिच्याच तोंडून बोलवून घ्यावे. फायलीचे नाव बदलते, हरवते. आवाजात सांगितलेले नाव गाण्याबरोबरच राहते. प्रती तीन कराव्यात: एक घरच्या संगणकात, एक निराळ्या डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावी. दुसरे गाव म्हणजे बहुधा लेकीचे घर. खोडदची तिसरी प्रत नाशिकास गेली आहे.

जुन्या कॅसेटींवरील आवाज संगणकात कसा उतरवावा, याविषयीही पत्रे आली आहेत. तो विषय पुढील अंकी घेऊ. तोवर कॅसेटी कपाटात पडून न ठेवता उभ्या, कोरड्या जागी ठेवाव्यात, आणि जुना टेपरेकॉर्डर भंगारवाल्यास देऊ नये.