प्लॉट हवा, नकाशा नको!

मंडळी, गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय चालू होता. भाच्याला तीन एकर जमिनीचे प्लॉट पाडायचे आहेत आणि मंजुरीसाठी लागणाऱ्या कागदांची यादी पाहून तो वैतागला आहे. "आत्या, जमीन आमची, सातबारा आमचा, मग एवढे नकाशे कशाला?" लगेच पाच-सहा जणांनी त्याला अंगठे दाखवले. मोबाइलवर टाइप करत वाद घालणे मला जमत नाही, म्हणून इथे लिहिते.

माझ्या मते एकही नकाशा कमी करू नये.

यादीत आहे तरी काय? पहिला, भूमी अभिलेख खात्याचा मोजणी नकाशा. सातबारा मालक सांगतो, क्षेत्र सांगतो. हद्द नेमकी कुठून जाते ते सांगत नाही. बांधाचा वाद नंतर निघाला की तो कडेच्या प्लॉटवाल्याच्या गळ्यात पडतो. दुसरा, जागा कुठे आहे ते दाखवणारा नकाशा. पोचरस्ता खरोखर आहे, की शेजारी आपल्या शेतातून 'सध्या जाऊ देतो', हे त्यावरून कळते. नाला, विहीर, विजेच्या तारा, जमिनीचा उतार दाखवा म्हणतात, कारण पावसाचे पाणी सातबारा वाचून वाहत नाही. आणि शेवटी रेखांकन, म्हणजे लेआउट: रस्ते, प्रत्येक प्लॉटची मापे, मोकळी जागा.

मुंबईसारखे काही भाग सोडले तर राज्यात 2020 ची एकत्रित विकास नियमावली लागू आहे. तिच्याप्रमाणे 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडताना 10 टक्के जागा खुली ठेवावी लागते. तीन एकर म्हणजे 120 गुंठे, त्यातले साधारण 12 गुंठे. खरे दुखणे इथे आहे! कागद जड होत नाहीत, हे 12 गुंठे जड होतात.

आमच्याच वसाहतीचे पाहा. मंजूर नकाशात बागेसाठी सोडलेल्या जागेवर आज तीन घरे उभी आहेत. ज्याने प्लॉट पाडले त्याने तीही जागा विकून टाकली. घेणारेही साधी नोकरदार माणसे, त्यांनाही कुणी नकाशा दाखवला नव्हता. आम्ही तो पाहिला तो माहितीच्या अधिकारात अर्ज केल्यावर, घरे बांधून झाल्यानंतर. नकाशा कार्यालयात अगदी नीट ठेवलेला होता. फक्त ज्यांच्यासाठी होता त्यांच्यापर्यंत तो कधी आला नाही.

नकाशाविना काय होते ते राज्याने पाहिले आहे. शेतात फक्की मारून प्लॉट विकले गेले. ना रस्ता, ना गटार. मग 2001 साली गुंठेवारीचा कायदा करून ते नियमित करायची वेळ आली. 2021 मध्ये दुरुस्ती करून त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या प्लॉटना लावली. वीस वर्षांत आपण काय शिकलो?

आता भाच्याचे खरे आहे तेही सांगते. कार्यालये एक त्रुटी काढतात, ती दुरुस्त केली की दुसरी काढतात. मी 34 वर्षे वह्या तपासल्या. एका वेळी एकच चूक दाखवून वही परत केली असती तर मुलांचे वर्ष वाया गेले असते. सगळ्या त्रुटी एकाच पत्रात, सोप्या मराठीत लिहून द्या. तक्रार करायची तर ही करा. "नकाशेच नकोत" ही पळवाट झाली.

आणि माझी एक मागणी. मंजूर नकाशा मोठा करून जागेवरच फलकावर लावणे सक्तीचे करा. 2016 च्या रेरा कायद्यामुळे 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीचे प्लॉट विकायला नोंदणी लागते, मंजूर नकाशा संकेतस्थळावर दिसतो, हे मान्य. पण गुंठा-दीड गुंठा घेणारा माणूस संकेतस्थळ पाहत नाही, तो जागेवर येऊन उभा राहतो.

भूगोलाच्या पेपरात नकाशाला दिशा, प्रमाण आणि सूची नसली तर मी गुण कापत असे. तीच मुले आज आयुष्याची पुंजी ओतताना नुसत्या रंगीत पत्रकावर विश्वास ठेवतात! प्लॉट बघायला जाल तेव्हा आधी मंजूर नकाशा मागा. त्यावर शिक्का कुणाचा, मंजुरी तात्पुरती की अंतिम, मोकळी जागा कुठे, हे विचारा. विकणारा कुरकुरला तर चहा न घेता परत फिरा.

तुमचे काय मत? भाच्यानेही लिहावे. आत्या रागावणार नाही.