चहाच्या गाळणीतून उगवणारे गवत

निवृत्तीनंतर अथवा दीर्घ आजारातून उठल्यावर हातांना गुंतवून ठेवणारे काम हवेसे वाटते. छोट्या आगगाडीचा देखावा उभारणे हा त्यासाठी उत्तम छंद आहे. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय पाहून आलेली मुले तर घरी येताच रूळ मागू लागतात. रूळ विकत मिळतात. रुळांकडेचे गवत मात्र आपणच उगवावे लागते. त्याचे उपकरण घरी करता येते. ते कसे करावे आणि कसे जपून वापरावे, हे आज पाहू.

अशा देखाव्यांत १:८७ हे प्रमाण पुष्कळदा वापरतात. त्यात ४ मिलिमीटरचा नायलॉनचा तंतू म्हणजे सुमारे ३५ सेंटिमीटर उंचीचे गवत. असे तंतू नुसते भुरभुरले तर आडवे पडतात. त्यांना उभे करते ती स्थिर विद्युत. धातूच्या जाळीला स्पर्शून भारित झालेला तंतू विद्युतक्षेत्राच्या दिशेला वळतो आणि उभ्यानेच ओल्या गोंदात रुततो.

साहित्य साधेच आहे : सुट्या सेलवर चालणारी डास मारण्याची रॅकेट, प्लॅस्टिकच्या मुठीची धातूची गाळणी, वायर, रबरी आवरणाचा चिमटा आणि खिळा. रॅकेटची जाळी काढून तिची एक तार गाळणीला जोडावी. दुसऱ्या तारेला चिमटा लावून त्यात धरलेला खिळा ओल्या गोंदात टोचावा. सर्व जोड नीट झाकावेत.

येथे क्षणभर थांबावे. रॅकेटमधील विद्युतदाब हजार व्होल्टच्या घरात असतो आणि बटण सोडल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये भार साठून राहतो. पहिल्या चाचणीनंतर, बटण तर सोडले आहे, या भरवशावर मी गाळणी रिकामी करू लागलो आणि कोपरापर्यंत झटका बसला. इजा झाली नाही. पण शेजारी नातू उभा होता. पुढचा हात त्याचा असता, या विचाराने त्या दिवशी काम बंद ठेवले.

तेव्हापासून आमचा नियम असा : बटण सोडावे, चिमट्याचे रबरी आवरण धरून खिळा गाळणीला टेकवावा, ‘चट्’ होऊ द्यावे आणि मगच हात लावावा. बटण मोठ्यांच्याच हाती असावे. मुलांनी गोंद लावावा. पेसमेकर बसवलेल्यांनी हे उपकरण हाताळू नये. चार्जिंगची रॅकेट भिंतीच्या प्लगला जोडलेली असताना मुळीच वापरू नये. तंतू बारीक असल्याने नाकावर मास्क व डोळ्यांवर चष्मा हवा.

चाचणी पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर घ्यावी. त्यावर किंचित पाणी घातलेला फेव्हिकॉल लावून अर्धी भरलेली गाळणी दोन-तीन सेंटिमीटरवर धरावी, बटण दाबून हलकेच हलवावी. मग पुठ्ठा डोळ्यांच्या पातळीवर धरून कडेने पाहावा. तंतू आडवे दिसले तर अंतर जास्त आहे, सेल उतरले आहेत किंवा गोंद सुकला आहे. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे चूक नेमकी सापडते. दमट हवेत भार टिकत नाही; आमचे पहिले दोन पुठ्ठे जुलैत फसले.

तिसरा ऑक्टोबरात केला. गवत ताठ उभे राहिले. मी कौतुकाने गाळणीकडे हात नेला, तोच नातू म्हणाला, ‘‘आजोबा, आधी चट्!’’