आरोग्यचिंतन : आजोळचा वारसा

चिंचपोकळी-लालबाग परिसरातील अनेक व्यापारी कुटुंबांत अशी श्रद्धा आढळते की, ज्या घरात मांस, मद्य आणि अंडी यांना प्रवेश नाही, त्या घराला हृदयविकाराचे भय नाही. आहारसंयमाचे फळ मिळतेच. परंतु शरीरातील बहुतांश कोलेस्टेरॉल आपले शरीरच तयार करते, आणि रक्तातील अतिरिक्त साठा उचलण्याचे काम प्रामुख्याने यकृत करते. हे काम जन्मतःच मंद ठेवणारा एक दोष वंशपरंपरेने येतो. त्यामागील यंत्रणा उलगडल्याबद्दल ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. साधारणतः अडीचशे माणसांत एकाला हा दोष असतो. माता-पित्यांपैकी एकाकडे तो असल्यास प्रत्येक अपत्याला मिळण्याची शक्यता निम्मी. त्यात पुत्र-कन्या असा भेद नाही. उपचार न झाल्यास अशा पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांना पन्नाशीपर्यंत आणि स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्क्यांना साठीपर्यंत हृदयधमन्यांचा विकार जडतो.

दुसरा वारसा लायपोप्रोटीन (ए) याचा. नेहमीच्या लिपिड तपासणीत तो दिसत नाही, पथ्याने फारसा हलत नाही. आयुष्यात एकदा वेगळी चाचणी केली की पुरते.

डॉक्टर ‘घरात कुणाला?’ असे विचारतात, तेव्हा उत्तरात वडील आणि काका येतात. आई, मावशी, मामा गळतात. पेढीच्या खात्यात आजोळ नसते, म्हणून रक्तातही नसते असे थोडेच आहे! वडील वा भाऊ यांना ५५ वर्षांपूर्वी, आई वा बहीण यांना ६५ वर्षांपूर्वी झटका आला असेल, तर ती नोंद महत्त्वाची. स्त्रियांची नोंद तर मुळातच अपुरी. धाप, मळमळ, जबड्यातील वा पाठीतील वेदना यांना घरात ‘पित्त’ म्हणतात. सोडा दिला जातो, आणि मोलाचे तास निघून जातात.

‘पूर्वकर्म’ म्हणून स्वस्थ बसणाऱ्यांनी जैन तत्त्वज्ञानातील पुरुषार्थाचाही विचार करावा. दोन स्थानकांवरील परळच्या केईएम रुग्णालयात १९६८ साली डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयारोपण केले. येथे तर केवळ रक्ताचा नमुना द्यावयाचा आहे. चौविहारामुळे रात्रीची गोळी चुकते, ही अडचणही खरी नव्हे. ॲटोर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन दिवसा कोणत्याही वेळी घेता येतात. सूर्यास्तापूर्वीची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी, आणि उपवासाच्या दिवसांचेही तेव्हाच विचारावे.