लायडारचं गणित नववीतच आहे

नवी मुंबई महापालिकेने मालमत्तांचं लायडार सर्वेक्षण हाती घेतलं, तेव्हा आपली चर्चा घरपट्टीवरच थांबली. पण मोजतात कसं, हे मुलांना कोण सांगणार? नववीतला सोनार आठवा. तेच गणित, फक्त आवाजाऐवजी लेसर. प्रकाश जाऊन परत यायला 100 नॅनोसेकंद लागले, तर भिंत 15 मीटरवर. मात्र लेसरला रंग कळत नाही. पावसाळ्यात गच्चीवर बांधलेली निळी ताडपत्री काय नि पक्कं छप्पर काय, दोन्ही नुसते ठिपके! कॅमेऱ्याला रंग दिसतो, पण अंतर नेमकं कळत नाही. म्हणून दोन्ही जुळवून प्रत्येक ठिपक्याला त्याचा रंग देतात. जुळवणी जरा सरकली, की आकाशाचा निळा गच्चीच्या कठड्याला चिकटतो. तेव्हा सोनारची उदाहरणं सोडवून घेताना समुद्राच्या खोलीनंतर समोरच्या बिल्डिंगचं अंतरही विचारा. मोजणीची नोटीस त्यांच्याच घरी येणार आहे.