सूत्रधारालाच पाहुणा ठरवणारे

मराठी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत ‘पाहुणे कलाकार’ अशी एक ओळ असते. एखादा मोठा नट दोन मिनिटांसाठी येऊन जातो, म्हणून तो पाहुणा. तिथे त्या शब्दाविषयी तक्रार नाही. परंतु ‘ड्रम अँड बेस’ नावाच्या संगीतप्रकारात आज जी नवी ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध होतात, त्यांवर संगीतरचनाकाराच्या नावानंतर ‘फीचरिंग’ असे लिहून एमसीचे नाव टाकलेले असते. एमसी म्हणजे ‘मास्टर ऑफ सेरेमनीज’, अर्थात सोहळ्याचा सूत्रधार. सूत्रधारच पाहुणा! ही विसंगती कुणाला खटकू नये, याचे मला आश्चर्य वाटते.

परभणीत बसून ही उठाठेव कशाला, असे कुणी विचारील. त्याकडे येतोच.

हे संगीत १९९०च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये आकाराला आले. मिनिटाला साधारण १६० ते १८० ठोके, त्याखाली छातीत घुमणारा खर्ज, आणि त्यावर स्वार झालेला एक आवाज. जमैकातून आलेल्या स्थलांतरितांच्या ‘साउंड सिस्टिम’ परंपरेचा हा वारसा. तिथे तबकड्या लावणाऱ्याच्या शेजारी उभा राहून एमसी रात्रभर समुदाय सांभाळतो. कुठे थांबायचे, कुठे पेटवायचे हे त्याला कळते. ध्वनिमुद्रणात मात्र रचनाकार एका खोलीत एकटा असतो आणि एमसीला काही ओळींपुरते बोलावणे जाते. सोहळा गेला, वस्तू उरली. आणि वस्तूचा मालक यजमान झाला.

हे अटळ होते असेही नाही. रॉनी साइझ आणि ‘रेप्रझेंट’ या समूहाच्या ‘न्यू फॉर्म्स’ला १९९७ साली मर्क्युरी पारितोषिक मिळाले, तेव्हा एमसी डायनामाइट हा त्या समूहाचाच घटक होता. उलट २०२३च्या ‘बॅडाडॅन’वर चेस अँड स्टेटस आणि बू ही नावे पुढे, आणि गाणे ज्यांच्या तोंडी आहे ते चार आवाज ‘फीचरिंग’च्या मागे. पुढच्याच वर्षी त्याच चेस अँड स्टेटसने स्टॉर्मझीबरोबर ‘बॅकबोन’ केले. तिथे त्याचे नाव बरोबरीने छापले गेले, कारण तो आधीच प्रसिद्ध होता. म्हणजे ‘फीचरिंग’ हा कलेतील वाट्याचा निकष नव्हेच. तो बाजारातील वजनाचा निकष आहे. (ठोक्याची दशा तरी काय वेगळी? या संगीताचा पाया असलेला ‘आमेन’ ठेका १९६९ सालच्या एका गाण्यातला. शेकडो रचनांत तो वापरला गेला, पण मूळ वादकाला स्वामित्वधन मिळाले नाही.)

आता आपल्या दारात या. परभणी जिल्हा हा गोंधळ्यांचा प्रदेश. संबळाच्या जोडीतले एक तोंड टिपेचे, दुसरे खर्जाचे, तुणतुण्याचा अखंड सूर, झांज, दिवटी, चौक आणि घट. नाईक देवदेवतांना गावोगावहून नावे घेऊन पाचारण करतो आणि मग आख्यान लावतो. घरधनी यजमान असला, तरी त्या रात्रीचा सूत्रधार नाईकच. तो बोलू लागला की संबळ दबते, तो थांबला की उसळते. यात ‘संगीत अमुकाचे, शब्द पाहुण्याचे’ अशी वाटणी करून दाखवावी! ठोका आणि शब्द एकमेकांना जन्म देत असतात. आपल्या भाषेने मात्र या विधीचे नाव घेऊन त्याला ‘अनागोंदी’ हा अर्थ चिकटवला. तेवढ्यावरूनही अभिजनांचा कान कसा आहे ते दिसते.

आणि इथे मला आपल्याच मंडळींकडे, मराठीच्या प्राध्यापकांकडे, बोट दाखवायचे आहे. ध्वनिमुद्रणाचा बाजार शब्दाला पाहुणा करतो. आपण ठोक्याला घराबाहेर काढतो. लोकसाहित्याच्या नावाखाली आख्यानांची ‘संहिता’ छापायची, तिच्यात रूपके मोजायची, आणि संबळाचा उल्लेख तळटीपेत करायचा. रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या संशोधकाने उपासक आणि उपासना एकत्र पाहण्याची दृष्टी दिली. आपण तिच्यातून परीक्षेपुरती टिपणे काढली. एमसीच्या कागदावर उतरवलेल्या ओळी पुष्कळदा पातळ वाटतात, हे मी नाकारत नाही. पण संबळाविना छापलेले आख्यानही तितकेच पातळ वाटते. एकाला आपण ‘संस्कृती’ म्हणून क्षमा करतो, दुसऱ्याला ‘थिल्लर’ म्हणून हाकलतो.

नावाचा प्रश्न तर जनाबाईने कधीच निकालात काढला आहे. ती याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची. नामदेवाच्या घरची दासी म्हणून ओळखली गेली, तरी अभंगाच्या शेवटी तिने स्वतःचे नाव घातले. एमसीही आपल्या ओळींत आपले नाव उच्चारतो. त्याला आत्मस्तुती म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी नाममुद्रेचा धडा पुन्हा वाचावा. आवेष्टनावर कुणीही काहीही छापो, नाव रचनेतच गुंफलेले असले की ते खोडता येत नाही. आपल्याकडच्या मिरवणुकांतील ‘डीजे मिक्स’ने त्यावरही उपाय शोधला आहे: गायकाच्या ओळींवरच दर अर्ध्या मिनिटाला डीजेच्या नावाचा पुकारा. तिथे गायक पाहुणादेखील उरत नाही.

पर्याय दिसतच नाहीत असे नाही. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या समूहाने २०१९ साली ‘द वारली रिव्होल्ट’ केले. त्यात आरे परिसरातील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. कागदोपत्री तेही ‘फीचरिंग’च, पण ऐकताना जाणवते की घर त्यांचे आहे आणि बाकीचे सारे त्यांच्याकडे आले आहेत.

या दोषातून मी सुटलेला नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याच मार्गदर्शनाखाली एका विद्यार्थ्याने आपल्या गावच्या गोंधळावर प्रकल्प केला. चाळीस पाने, नीटस अक्षर. मी भरघोस गुण दिले. परवा त्याने तेव्हाचे मूळ ध्वनिमुद्रण ऐकवले. आरतीनंतर संबळ एकदम थांबते आणि नाईक आपले नाव, बापाचे नाव, गाव आणि संबळवाल्याचे नाव सांगतो. त्या चाळीस पानांत यांपैकी एकही नाव नव्हते, आणि ते का नाही, असे मी विचारलेही नव्हते.